मोत्याचा पत्ता काय?

"ताई, व्हेज ना?" इस्टेट एजंटचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मासे खातो. तो जरा गप्प झाला. मग हळूच, "पेट वगैरे नाही ना?" मी म्हटलं, आहे, नऊ वर्षांची कुत्री आहे. "बघतो आणि कळवतो," म्हणाला. अजून कळवतोच आहे!

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, त्यानंतरची ही गोष्ट. बोरीवली पश्चिमेला बाभई, वझिरा नाका, शिंपोली, कुठल्याही गल्लीत वळा, एखादी चार मजली बिल्डिंग पत्र्यांआड गेलेली दिसणारच. त्यातलीच आमची एक. तीन वर्षांचं भाडं, ब्रोकरेज, टेम्पोचा खर्च, सगळं बिल्डर देणार. ॲग्रीमेंट चांगलं जाडजूड. त्यात पार्किंगवर दीड पान आहे, पण आमच्या राणीवर एक ओळ नाही. दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही, मीटिंगमध्ये मलाही ते सुचलं नव्हतं. किचनचा ओटा किती फुटांचा यावर मात्र मी अर्धा तास भांडले होते.

कायदा आपल्या बाजूनं आहे असं मी समजून चालले होते. केंद्राच्या पशुकल्याण मंडळानं २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीनं बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, भुंकतो म्हणून 'घराबाहेर काढा' म्हणता येत नाही. आपल्याकडून पालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि रस्त्यावरची घाण आपण उचलणं, एवढं हवं. या कागदाच्या जोरावर मी एकदा आमच्या सेक्रेटरींना गप्पही केलं होतं.

पण तेव्हा मी सभासद होते. आता भाडेकरू झाले! घरमालकानं 'नो पेट्स' म्हटलं, की त्या सूचना दाखवून उपयोग काय? तो भांडत नाही, नुसता फोन उचलत नाही. अकरा घरं बघितली. बारावं मिळालं ते तळमजल्यावरचं, ओल आलेलं, आणि भाडं बिल्डर देतो त्याहून जास्त. वरचे पैसे आमच्या खिशातून. हे ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं? आमच्याच विंगमधल्या एका काकूंनी दोन्ही मांजरं चिपळूणला जावेकडे पाठवली. आठवड्याच्या आत एक नाहीशी झाली. काकू अजून फोनवर त्याच मांजरीचं विचारतात, जावेच्या गुडघ्यांचं नंतर.

राणीला निदान आम्ही तरी होतो. मोत्याचं काय? मोत्या म्हणजे बिल्डिंगचा कुत्रा. कानाचं टोक कापलेला, म्हणजे नसबंदी झालेला. बारा वर्षं जिन्याखाली झोपला, वॉचमनच्याही आधी अनोळखी माणूस ओळखला. २०२३च्या नियमांत अशा कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलंय, आणि त्यांच्या खाण्याची जागा ठरवायची जबाबदारी चक्क रहिवाशांच्या संस्थेवर टाकलीय. लहान मुलांची खेळायची जागा, जिना, येण्याजाण्याची वाट सोडून. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यात टाकायला सांगितलं. मग ११ दिवसांत तो आदेश बदलून, नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडा, असं म्हटलं. त्यातून पिसाळलेले आणि अंगावर येणारे वगळले.

वाचून बरं वाटलं. मग विचार आला, मोत्याचं 'तिथेच' आता कुठे आहे? तिथे खड्डा आहे. ज्या संस्थेनं त्याची जागा ठरवायची ती संस्था दहिसरपासून विरारपर्यंत पांगलीय. कुत्र्याचे सगळे नियम त्याच्या जागेला बांधलेले, आणि आमच्या बोरीवलीत हल्ली जागाच उठून जातेय. मोत्यानं आपला नवा पत्ता शोधला तो शेजारच्या शाळेच्या फाटकापाशी. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की शाळा, रुग्णालयं, स्टेशनं, बस डेपो इथले कुत्रे उचला आणि परत तिथे सोडू नका! त्यामागची भीती मला कळते हं. माझ्या भाच्याला कुत्रा चावलाय, इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत त्याच्या आईला झोप नव्हती. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून माणूस सहसा वाचत नाही. त्या आईला मी भूतदयेचं लेक्चर देणार नाही. पण शाळेपाशी मोत्याला आणून बसवलं कुणी? आम्हीच ना, टेम्पो भरून निघून गेलो तेव्हा? पूर्वेला तर नॅशनल पार्कच्या कडेनं असे वाऱ्यावर सुटलेले कुत्रे बिबट्याच्या तोंडी जातात. बिबट्या तिथे कुत्र्यांवर जगतो हे अभ्यासकांनी कधीच नोंदवून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट, ज्यांची बिल्डिंग अजून जायचीय त्यांच्यासाठी. नव्या टॉवरचा प्लॅन नीट बघा. जुन्या घरात बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल होतं, मांजर तिथे उन्हात निवांत बसायची. टॉवरमध्ये एलिव्हेशन बिघडतं म्हणून तसं ग्रिल लावू देत नाहीत आणि सरकती काच जमिनीपर्यंत असते. अठराव्या मजल्यावर मांजर कबुतरामागे उडी घेते, तेव्हा तिला मजला कळत नाही. आतल्या बाजूनं जाळीची परवानगी आधीच लिहून घ्या. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, निदान बाल्कनीत तरी खरखरीत लादी मागा. ओट्याबरोबर हेही विचारायला काय हरकत आहे?

मी आता सोसायटीला पत्र दिलंय. भाड्याच्या घरासाठी पाळीव प्राणी असलेल्यांना जादा ब्रोकरेज, आणि मोत्यासाठी पत्र्यांबाहेर एक पाण्याचं भांडं नि ठरलेली जागा. कमिटीतल्या एकानं हसून विचारलं, "मोत्याचं भाडं पण मागताय का?" हो म्हटलं. विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर आहे, नवव्या क्रमांकावर, पार्किंगच्या खाली.