तब्येत ठीक आहे, पण आंघोळ?

गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांची काळजी म्हटलं की आमच्या आयटीवाल्या पिढीला दोनच गोष्टी सुचतात. पैसे पाठवणं आणि आजारपणात धावत जाणं. मधल्या रोजच्या दिवसांचं काय? तर फोनवर "तब्येत कशी आहे?" आणि पलीकडून "ठीक आहे". म्हणजे सर्व्हर पिंग केला, उत्तर आलं, चला, चालू आहे! पण त्याच्यावर काम होतंय का, हे पिंगवरून कधी कळतं का?

वैद्यकशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. १९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरने सहा साध्या गोष्टींची यादी केली : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. आजाराचं नाव काहीही असो, यातलं माणूस स्वतःचं स्वतः किती करतो ते बघा. गंमत म्हणजे या क्षमता बहुधा एका क्रमाने जातात. आंघोळ आधी, हाताने जेवणं सगळ्यात शेवटी. त्यामुळे "जेवण नीट जातं ना?" हा आपला लाडका प्रश्न सगळ्यात उशिरा धोका दाखवतो.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी पुढची यादी केली : फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. त्यात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं विचारायचंच नाही असा रिवाज होता. आपल्याकडेही तेच की! आजोबांनी जन्मात चहा केला नाही, त्यामुळे त्यांना आता तो जमत नाही हे कळणार कसं? उलट आजीने भाकरी थापणं कधी सोडलं, हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. सुनेने हातात घेतलं, एवढंच.

हे काही मोजक्या घरांपुरतं नाही. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या साधारण चौघांतल्या एकाला पहिल्या प्रकारच्या कामांपैकी निदान एका कामात अडचण होती. दुसऱ्या प्रकारात जवळपास निम्म्यांना.

आता आमच्या परंड्याकडे बघू. तालुक्याचं गाव, पण मोठा दवाखाना, मोठी खरेदी म्हटलं की बार्शी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. योजना उत्तमच आहे. पण गुडघे गेलेल्या माणसाला एसटीची पहिली पायरी चढता येत नसेल, तर तिकीट शून्य रुपये असून काय उपयोग? श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये खात्यात जमा होतात, पण खात्यापर्यंत जायचं कुणी? पैसा पोचतो, माणूस पोचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की इथे कमी पडतोय तो पैसा नाही, लक्ष कमी पडतंय. न्हाणीघरात भिंतीला एक दांडा, संडासात कमोड किंवा निदान कमोडची खुर्ची, रात्री जळणारा एक छोटा दिवा, मोठ्या अक्षरात लिहिलेली गोळ्यांची वेळ. आपल्या एका वीकेंडच्या हॉटेलच्या बिलात यातलं बरंचसं बसतं. पण त्यासाठी आधी आंघोळीला किती वेळ लागतो, बाजारात शेवटचं कधी गेलात, असले 'फालतू' प्रश्न विचारावे लागतात. आणि फोनवर खरं उत्तर मिळेल या भ्रमात राहू नका. मुलाला काळजी नको म्हणून सगळं "ठीक"च असतं.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की दोन दिवस नुसतं बघा. कोण भिंत धरून उठतं, कोण अंधार पडल्यावर पाणीच पीत नाही. सगळं दिसेल. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तो दांडा आणा आणि परतीच्या गाडीत बसायच्या आधी बसवून टाका.