बाबतपूरचा धडा

दिल्लीहून आग्रा, खजुराहो असे टप्पे घेत वाराणसीच्या बाबतपूर विमानतळावर विमान उतरे, ते अनेक वर्षे 'इंडियन एअरलाइन्स'चे असे. आज त्या नावाची संस्था अस्तित्वात नाही. सरकारला विमाने चालविता येत नाहीत, म्हणून ती गेली, असे सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेली डकोटा विमाने घेऊन खाजगी कंपन्या या धंद्यात उतरल्या. वाहतुकीच्या मानाने कंपन्याच जास्त झाल्या आहेत, असा निष्कर्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष समितीने १९५० मध्येच काढला. अखेर १९५३ मध्ये संसदेने कायदा केला आणि आठ कंपन्यांचा देशांतर्गत व्यवहार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. म्हणजे राष्ट्रीयीकरण झाले ते खाजगी भांडवल डबघाईला आल्यामुळे!

या संस्थेत दोष नव्हते काय? होते. उशीर, नोकरशाही, मंत्र्यांचा हस्तक्षेप यांचा अनुभव प्रवाशांना येई. परंतु दोष दुरुस्त करणे वेगळे आणि संस्थाच मोडून टाकणे वेगळे.

१९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि आकाश खाजगी कंपन्यांना मोकळे झाले. त्यांचे पुढे काय झाले? किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये जमिनीवर आली. बँकांची कर्जे बुडाली, कामगारांचे पगार थकले. कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांना हा हिशेब विचारावयास नको काय?

इंडियन एअरलाइन्सची गत याहून निराळी. प्रथम तिच्यासाठी ४३ आणि एअर इंडियासाठी ६८ विमानांची खरेदी ठरली. तिचा बोजा डोक्यावर असतानाच २००७ मध्ये दोन्ही संस्था एकत्र करण्यात आल्या. विलीनीकरण मुळातच वाईट असते असे नव्हे. फ्रान्सची देशांतर्गत विमानसेवा 'एअर इंतेर' हीही १९९७ मध्ये एअर फ्रान्समध्ये विलीन झाली. पण येथे कर्ज वाढत गेले, आणि ज्यांनी हे निर्णय घेतले त्यांच्याऐवजी कामगारांना दोषी ठरविण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी ही संस्था १८,००० कोटींना घेतली. त्यापैकी रोख केवळ २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे त्यांनी पत्करलेले कर्ज. एकूण कर्ज ६१,००० कोटींच्या वर होते. बाकीचे ४६,००० कोटींहून अधिक सरकारच्या, म्हणजेच जनतेच्या माथी राहिले. विमाने मालकाला, कर्ज जनतेला, असा हा व्यवहार!

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या 'मुद्रीकरण' कार्यक्रमाच्या यादीत वाराणसीच्या विमानतळाचेही नाव होते. म्हणून हा इतिहास केवळ विमानाने प्रवास करणाऱ्यांचा नाही. जी धावपट्टी जनतेच्या पैशातून बांधली गेली, तिचा नफा कोणाच्या खिशात जाणार, हा प्रश्न काशीच्या विणकराने आणि नावाड्यानेही विचारावयास हवा. तो आज विचारला नाही, तर उद्या पुन्हा कर्जच तेवढे त्यांच्या वाट्याला येईल.