चिकूच्या वाडीत उजेड हवा

काका, आत्या, वाचून रागावू नका. समोर बसून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

परवा डहाणूला आपल्या वाडीत गेले तर झाडांखाली पाय ठेवायला जागा नाही. हिरवे चिकू तपकिरी पडून गळलेले, काहींवर पांढरी बुरशी. "यंदा पाऊसच तसा" म्हणून आपण दर जुलैत विषय संपवतो. मला ते पटत नाही.

या रोगाचं नाव फायटोफ्थोरा. शास्त्रज्ञ तिला खरी बुरशीही मानत नाहीत. तिचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात! म्हणजे सततची ओल आणि कोंदट सावली असली की तिचं राज्य. केरळात रबराची पानं ऐन पावसात झडतात, तीही हिच्याच भाऊबंदांमुळे. तिथे आधी रबराची हिरवी फळं कुजतात, मग रोग पानांच्या देठांवर येतो. देठावर काळा डाग, आणि त्यावर चिकाचा गोठलेला पांढरा थेंब. चिकूही चिकाचंच झाड (एकेकाळी च्युइंगगम त्या चिकाचाच व्हायचा), म्हणून मला हे साम्य फार लागलं.

फरक एवढाच, की रबरवाले बोर्डो मिश्रण पाऊस सुरू व्हायच्या आधी मारतात. तांबं रोग बरा करत नाही, येऊ देत नाही. आपण फळं गळायला लागली की पंप शोधतो. वरातीमागून घोडं! शिवाय मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर हे प्रमाण सगळ्यांना पाठ, पण लोखंडी सुरी बुडवून कोण पाहतं? सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

गळलेली फळं वेचून खोल पुरायला हवीत, हेही ठाऊक आहे. पण तलासरीहून येणाऱ्या बायकांना आपण मजुरी देतो ती तोडणीची. कुजकी फळं वेचायचे पैसे कोणी देत नाही, मग ती वेचायची कोणी? २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले आपण. त्या खर्चात वेचणीचे काही दिवस निघाले असते. असो.

खरं दुखणं वेगळंच आहे. आजोबांच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत घुसल्यात, दुपारीही खाली अंधार. तिथे वारा शिरत नाही, मग फवारा तरी आत कुठून पोचणार? मधली काही झाडं काढायला हवीत, उरलेल्यांची छाटणी करायला हवी. हे म्हटलं की घरात सगळे गप्प होतात. मला कळतं. त्या झाडांवर माझंही लहानपण गेलंय.

दिवाळीनंतर मी येतेय. कुठलं झाड ठेवायचं ते आत्यानेच खडूने खूण करून सांगावं. विहिरीजवळचं आजीचं झाड मी आधीच धरलंय, त्याला कोणी हात लावणार नाही.