हिरव्या पाण्याचा अहवाल कोण वाचणार?

उन्हाळ्यात उजनी जलाशयाची बातमी दोन गोष्टींची असते. साठा किती टक्के ‘उणे’ गेला आणि पाणी किती हिरवे झाले. पहिल्या गोष्टीचा आकडा रोज छापून येतो, दुसरीचा येत नाही. नमुने तपासणीला पाठवल्याचे सांगितले जाते, मग पाऊस पडतो आणि विषय वाहून जातो. सोलापूर शहर आणि भीमाकाठची कितीतरी गावे हे पाणी पितात, म्हणून हा दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. तो देण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे, पाण्यातल्या शेवाळांच्या आणि पाणवनस्पतींच्या रूपात.

मधुमेही रुग्णाची साखर एकदा तपासली तर त्या घटकेची साखर कळते. चार दिवस पथ्य पाळून आलेल्या माणसाचा अहवाल चांगला दिसतो. म्हणून आम्ही ‘तीन महिन्यांची सरासरी साखर’ दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करतो. जलाशयाचेही तसेच आहे. बाटलीभर पाण्यातला प्राणवायू, आम्लता, जैविक प्रदूषण मोजले की त्या दिवसाची स्थिती कळते. हिरव्या पाण्यात तर ही मोजणी फसवी ठरू शकते. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारच्या नमुन्यात तो भरपूर दिसतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि पहाटेपर्यंत तो तळाला जातो. अशा तळ्यांत मासे पहाटे मेलेले आढळतात ते यामुळे. पाण्यात कोणती वनस्पती टिकली आणि कोणती नाहीशी झाली, हे मात्र कित्येक आठवड्यांच्या, महिन्यांच्या परिस्थितीवर ठरते.

ही भाषा वाचणे फार अवघड नाही. पाणी स्वच्छ असेल तर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि तिथे मुळे धरलेल्या वनस्पती वाढतात. त्यांच्यासोबत सूक्ष्म शेवाळांचे अनेक प्रकार थोड्या थोड्या संख्येने नांदतात. सांडपाणी आणि शेतातली खते येऊ लागली की नत्र आणि स्फुरद वाढते. तरंगते शेवाळ माजते, प्रकाश अडतो, तळाच्या वनस्पती मरतात. त्यांनी धरून ठेवलेला गाळ सुटतो, पाणी आणखी गढूळ होते. शेवटी एकदोन जातींच्या निळ्या-हिरव्या शेवाळांचे राज्य येते, संथ पाण्यावर जलपर्णी पसरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरते, त्यात उसाच्या पट्ट्यातली खते मिसळतात. पाणी हिरवे का होते, याचे उत्तर धरणापाशी शोधून मिळणार नाही, ते वरच्या अंगाला आहे.

मोजण्याच्या पद्धतीही जुन्या आणि स्वस्त आहेत. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहण्याची युक्ती इटलीतील सेकी यांनी १८६५ मध्ये वापरली. अमेरिकी शास्त्रज्ञ पामर यांनी १९६९ मध्ये सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या २० प्रकारच्या शेवाळांची यादी करून प्रत्येकाला गुण दिले. नमुन्यात सापडलेल्यांची बेरीज २० किंवा अधिक भरली की प्रदूषण तीव्र समजायचे. युरोपीय संघाने २००० सालच्या कायद्यात तलावांची प्रकृती ठरवताना तरंगते शेवाळ आणि पाणवनस्पती विचारात घेणे बंधनकारक केले. तिथे प्रत्येक तलावाला ‘अतिउत्तम’ ते ‘अतिवाईट’ अशा पाच श्रेणी आहेत. उजनीसारख्या धरणात पातळी खूप वरखाली होते, त्यामुळे काठच्या वनस्पतींवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. शेवाळांची गणना मात्र तिथे नक्की उपयोगी पडते.

डॉक्टरने याची चिंता का करावी? निळ्या-हिरव्या शेवाळांच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते यकृतावर आघात करते. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रात जलाशयातले, नीट शुद्ध न केलेले पाणी टँकरने आणले गेले. त्यातल्या विषाने ५० हून अधिक रुग्ण दगावले. डायलिसिसच्या एका खेपेत रुग्णाच्या रक्ताचा शंभरेक लिटर पाण्याशी संबंध येतो, म्हणून तिथे घात झाला. २०१४ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. पाणी उकळूनही हे विष जात नाही.

प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते, हे स्पष्ट सांगायला हवे. उजनीचे पाणी विषारी आहे, असा दावा इथे नाही. पण ते नाही, हे म्हणण्यासाठी आधी मोजावे लागते. कावीळ झालेला रुग्ण आला की आम्ही विषाणू, लेप्टो, दारू, औषधे यांची चौकशी करतो. शेवाळ त्या यादीत नसते, कारण रुग्ण पितो त्या पाण्यात ते किती आणि कोणते आहे, हे आम्हाला कोणी कळवत नाही. जलशुद्धीकरण केंद्रालाही ही माहिती हवी. शेवाळाच्या पेशी अखंड असताना गाळून काढाव्या लागतात. दाट हिरव्या पाण्यात आधीच क्लोरीन ओतले तर पेशी फुटून विष पाण्यात उतरते.

आपल्याकडे उपाय मात्र बहुधा जलपर्णी काढण्याच्या निविदेपाशी थांबतो. जलपर्णी काढायलाच हवी, पण तेवढ्याने भागत नाही. ताप उतरवला म्हणजे टायफॉइड बरा झाला असे नव्हे. काढलेला ढीग काठावरच कुजू दिला तर त्यातले नत्र-स्फुरद पहिल्या पावसात परत पाण्यात जाते.

मागणी छोटीच आहे. पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या जलाशयातील शेवाळांची दरमहा, उन्हाळ्यात दर आठवड्याला, गणना व्हावी. सूक्ष्मदर्शक आणि जाणकार जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत आहेत. विषारी जाती वाढलेल्या दिसल्या की मायक्रोसिस्टिनची तपासणी व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम सुचवली आहे. हा अहवाल जलशुद्धीकरण केंद्राला, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि डायलिसिस केंद्रांना त्याच दिवशी मिळावा.

तोवर काठच्या लोकांनी एवढे जरूर करावे. पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट तवंग दिसला तर तिथे मुलांना पोहू देऊ नये, जनावरांना पाणी पाजू नये आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. साठ्याच्या टक्केवारीशेजारी एक दिवस शेवाळाचा आकडाही छापून आला, तर पाणी किती उरले यासोबत ते कसले उरले, हेही आपल्याला कळेल.