घोड्यांची पारख आणि पैजेचा हिशेब

हिवाळा लागला की मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम भरास येतो आणि त्याच सुमारास आमच्या वऱ्हाडात शंकरपटांची तयारी सुरू होते. अमरावतीस वा अकोल्यास घोड्यांच्या शर्यतीचे मैदान नाही. परंतु मैदान नसले म्हणून पैज अडत नाही. ती आता खिशातल्या मोबाईलवरून लागते, आणि 'उद्याचा खात्रीचा घोडा' सांगणारे संदेश पगारदार, सुशिक्षित माणसांना घरबसल्या मिळतात. या उद्योगाच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. घोड्यांची शर्यत ही कौशल्याची बाब आहे असे सर्वोच्च न्यायालयानेच ठरविले आहे, मग अभ्यास करून चार पैसे मिळविण्यात वावगे ते काय? या युक्तिवादाचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण त्यातील पहिले विधान खरे आहे आणि दुसरे त्यातून मुळीच निघत नाही.

तमिळनाडू सरकारने १९७४ साली घोड्यांच्या शर्यतींवर बंदी घालणारा कायदा केला होता. त्यासंबंधीच्या लक्ष्मणन खटल्यात १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शर्यतीचा निकाल मुख्यत्वे घोड्याची जात, त्याची तालीम आणि जॉकीचे कसब यांवर अवलंबून असतो. सबब ती जुगारात मोडत नाही. आमच्या राज्यास लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही घोड्यांच्या शर्यतीस काही अटींवर वगळलेले आहे. पैज लावणारा अखेरीस नफ्यात राहतो की तोट्यात, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

कौशल्य आहे याबद्दल आम्हांस संदेह नाही. १२०० मीटरवर वाऱ्यासारखा सुटणारा घोडा २४०० मीटरवर दमतो. पुण्याच्या पावसाळी हंगामात ओल्या जमिनीवर जिंकलेला घोडा महालक्ष्मीच्या कोरड्या मैदानावर तसाच धावेल असे नाही. जॉकी कोण, सुरुवातीस आतली जागा मिळाली की बाहेरची, मागच्या धावेस किती दिवस लोटले, हे सर्व जाणत्यास पाहावे लागते. पण खरी मेख हँडिकॅपमध्ये आहे. प्रत्येक घोड्यास त्याच्या कामगिरीवरून गुण दिले जातात आणि एका गुणास अर्धा किलो या मानाने त्याच्या पाठीवरील वजन ठरते. साठ गुणांच्या घोड्याने साठ किलो वाहायचे असेल, तर बावन्न गुणांचा घोडा छपन्न किलो घेऊन धावतो. वजन ठरविणाऱ्या अधिकाऱ्याचे ध्येयच असे की, सर्व घोडे एका रेषेत पोचावेत! (चार वर्षांच्या घोड्यांसाठी असलेली इंडियन डर्बी अशा हँडिकॅपची नव्हे, पण रोजच्या बहुसंख्य शर्यती त्याच प्रकारच्या.) म्हणजे मागच्या खेपेस जो सहज जिंकला त्याची शिक्षा त्याच्या पाठीवर आधीच चढलेली असते. जाणता मनुष्य म्हणून सर्वोत्तम घोडा शोधत नाही. ज्याचे गुण त्याच्या खऱ्या ताकदीहून कमी लागले आहेत असा घोडा शोधतो. उदाहरणार्थ, न मानवणाऱ्या अंतरावर दोनदा हरून गुण उतरलेला आणि आता आपल्या अंतरावर परतणारा.

असा घोडा सापडला तरी पैज चांगली ठरत नाही, आणि येथेच आमच्या बुद्धिमान मित्रांची फसगत होते. समजा, त्या घोड्याची जिंकण्याची शक्यता चारांत एक आहे आणि भाव एकास दोन मिळतो आहे. चार वेळा रुपया लावला तर एकदा दोन रुपये मिळतील आणि तीनदा रुपया जाईल. पारख अचूक, आणि पदरात एक रुपयाची खोट! जो घोडा सर्वांना दिसतो त्याचा भाव सर्वांनी मिळून आधीच पाडलेला असतो.

आता टोटचा हिशेब पाहा. टोटवर सर्वांचे पैसे एकत्र होतात, क्लब आपली कपात करतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. शंभर रुपयांतून वीस कापले असे धरू. त्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे लोकांच्या खिशातून १४० रुपये जातात आणि परत ८० येतात. नुसती बरोबरी साधण्यासाठीच मनुष्याला रुपयामागे सरासरी पैजकराच्या पावणेदोनपट परतावा मिळवावा लागेल. असा पुरुष असू शकेल. पण तो वर्गणी घेऊन आपले भाकीत अनोळखी माणसांना कशाला विकील? भाकीत जितके फुटेल तितका त्याचाच भाव उतरेल.

सरकारच्या धोरणातील विसंगतीही लपण्यासारखी नाही. न्यायालय ज्यास कौशल्य म्हणते त्यावर तिजोरी व्यसनाचा कर लावते, आणि हा कर फक्त उघड्या खिडकीवरच वसूल होतो. चोरून पैज घेणारा बुकी कर देत नाही, म्हणून तो अधिक भाव देऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला; पण दुकान मोडले तरी गिऱ्हाईक दुसरा दरवाजा शोधते, हे कापसाच्या मुलखाला कोणी शिकवायला नको. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत आकडा लागत असे. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे बंद झाले. आकडा थांबला नाही, मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कर पैजेच्या रकमेवर न लावता क्लबच्या कपातीवर लावावा आणि पोलिसांनी आपले बळ भाकिते विकणाऱ्यांवर व बुकींवर खर्च करावे, असे आमचे मत आहे.

शंकरपटाचा उल्लेख आम्ही वर केला तो याचसाठी. ७ मे २०१४ च्या निकालाने थांबलेले पट १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने पुन्हा सुरू झाले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. तळेगाव दशासरच्या पटावर शेतकरी खुर पाहतो, खांदा पाहतो, धुरकऱ्याचा हात पाहतो. त्याच्या पारखीचे मोल त्याला बक्षिसात आणि जोडीच्या वाढलेल्या किमतीत मिळते. त्यासाठी शेजाऱ्याचा खिसा रिकामा व्हावा लागत नाही. घोड्याच्या पैजेस कायद्याने दिलेली सवलत बैलाला मात्र नाही, आणि न्यायालयाची परवानगी धावण्यापुरतीच आहे. यंदाच्या पटांच्या आयोजकांनी प्रत्येक जोडीची वेळ फलकावर लावावी आणि मैदानाच्या कडेला पैजा घेणारा दिसताच त्यास पोलिसांच्या हवाली करावे.