भरतीचे गणित, दरवाजाचे चित्र

तिथीची पाऊणपट करावी, भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. किनाऱ्यावरचा हा जुना आडाखा अर्नाळ्याच्या मुलांसाठी विज्ञानाचा पहिला धडा ठरू शकतो. आडाखा रोज पंचेचाळीस मिनिटांचा फरक धरतो. प्रत्यक्षात तो सरासरी पन्नास मिनिटांचा असतो. असे का, हे मुलांनी किनाऱ्यावर काठी रोवून स्वतः मोजावे. १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला जलदुर्ग समोरच उभा आहे. त्याच्या दरवाजावरील हत्ती-वाघांची शिल्पे रेखाटताना चित्रकला आणि इतिहास एकत्र शिकता येतात.

हा मार्ग नवा नाही. याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर रुजले. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील साधने. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, या कामात राहिल्या.

आज युवकांच्या संस्थांत विज्ञान आणि कला शिकवणारे तरुण उत्साहाने येतात. परंतु उपजीविकेची शाश्वती नसल्याने लवकरच निघून जातात. मुलांचा विश्वास मात्र वर्षानुवर्षांच्या सहवासातून जडतो. त्यागाची थोरवी गाणाऱ्या समाजाने कार्यकर्त्याच्या घरची चूलही पाहिली पाहिजे. शिबिराला एकदा देणगी देण्यापेक्षा एका शिक्षकाचे वर्षाचे मानधन उचलणे, ही आजची खरी समाजसेवा होय.