ढाबळीवरची सावली

धंतोलीतील एखाद्या जुन्या घराच्या गच्चीवर ढाबळ असावी, सकाळी तिचे दार उघडावे आणि कबुतरांच्या थव्याने आभाळात फेरी धरावी. एवढ्यात एक सावली झरकन येते. थवा विखुरतो आणि परतलेल्या पाखरांत एक कमी भरते. घरातील मूल रडू लागते. थोरांपैकी कोणी गलोल शोधतो, कोणी सापळ्याची गोष्ट काढतो. जीवदया मानणाऱ्या घराची खरी परीक्षा याच क्षणी होते. कबुतराचा कळवळा सहज येतो. ससाण्याचा येणे कठीण.

सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांच्या पूर्वभवातील राजा मेघरथाची कथा अनेक वाचकांनी बालपणी ऐकलेली असेल. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त ती आहे. शरण आलेल्या कबुतराला राजाने अभय दिले. मागून आलेल्या ससाण्याने आपल्या भुकेचे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा राजाने त्याला दुष्ट ठरवले नाही. कबुतराच्या भारंभार आपले मांस त्याने देऊ केले आणि अखेरीस तो स्वतःच तराजूत बसला. तराजू हे व्यापाऱ्याचे नित्याचे साधन. पण या तराजूने न्याय केला तो दोन्ही जीवांचा. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयातही हीच दृष्टी दिसते. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात; शिकारी पक्ष्यांना आत ठेवत नाहीत, परंतु उपचार करून पाठवतात.

मेघरथाचा त्याग सर्वांना साधणारा नाही; ढाबळ नीट बांधणे मात्र कोणासही साधेल. त्यासाठी आधी हल्ला कोणाचा, हे ओळखावे. शिक्रा कबुतराहून फारसा मोठा नसतो. सरडे, उंदीर आणि लहान पाखरे हे त्याचे खाद्य. कबुतरांत तो बहुधा पिलांवर किंवा दुबळ्यांवर झडप घालतो. बहिरी ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि उडते कबुतर आभाळातच गाठतो; सूर मारताना त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरहून अधिक होतो. घार मुख्यतः मेलेल्या किंवा आजारी प्राण्यांवर जगते. रात्री पाखरू नाहीसे झाले, तर दोष बहुधा मांजराचा असतो आणि आळ मात्र ससाण्यावर येतो.

ढाबळीला वरून आणि चारही बाजूंनी बारीक चौकोनांची पक्की लोखंडी जाळी असावी. दार दुहेरी असावे, म्हणजे आत शिरताना पाखरू निसटत नाही. दाणा आतच टाकावा. उघड्या गच्चीवर पसरलेला दाणा थव्याला एका जागी खिळवतो आणि शिकाऱ्याला आमंत्रण देतो. उडवण्याची वेळ रोज तीच ठेवू नये. कबुतरांना थोड्या भुकेवर सोडावे, म्हणजे हाकेसरशी ती परततात. ससाणा आसपास दिसू लागला, तर काही दिवस ढाबळ बंदच ठेवावी. आजारी पाखरे आणि पिले बाहेर काढू नयेत. चमकत्या पट्ट्यांना शिकारी पक्षी लवकर सरावतात. त्यांच्या जागा बदलत राहाव्यात. सैल नायलॉनची जाळी मात्र कधीही टांगू नये, कारण तिच्यात अडकलेला पक्षी तडफडून मरतो. शेजारी हिंसा होऊ नये म्हणून लावलेली वस्तूच हिंसेचे कारण व्हावी, हे योग्य नव्हे.

कायद्याचा कौलही हाच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिक्रा आणि बहिरी ससाणा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणे, पकडणे, विष घालणे, एवढेच नव्हे तर त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे हीदेखील शिकार ठरते. यासाठी किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कारावास असून 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान 25,000 रुपये झाला आहे. घारीलाही कायद्याचे संरक्षण आहे.

शिक्रा ढाबळीत शिरलाच, तर कबुतरे बाजूला करून दार उघडे ठेवावे आणि दूर व्हावे. तो आपणहून निघून जातो. जखमी असल्यास भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत ठिकाणी ठेवावा. त्याला दाणापाणी भरवण्याचा प्रयत्न करू नये. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांसाठी वनविभागाचे उपचार केंद्र आहे.

एक कबुतर गेल्याचे दुःख खरेच असते आणि मुलाला ते होऊ द्यावे. मात्र त्याच दिवशी मुलाला सोबत घेऊन जाळीचे सैल झालेले टोक आवळावे. सूड आणि रक्षण यांतील अंतर त्या कामातच त्याला कळेल.